धाकटीचं हसू

आवाज आला की बटण दाबायचं, नाही आला तर दाबायचं नाही. इतकी साधी गोष्ट. पण काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलेला तो माणूस आवाज नसतानाही बटण दाबत होता. एकदा नाही, चांगलं पाच वेळा.

कान तपासायच्या त्या दवाखान्यात ताईने सहा वर्षं काढली होती. घरी धाकट्या बहिणीची ती ताई, आणि दवाखान्यातही शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. ऐकू न येणारी माणसं तिच्या ओळखीची होती, ऐकू येत नसताना येतं म्हणून रेटून सांगणारीही होती. हा नमुना मात्र नवीन होता. तिने माइक सुरू केला आणि आवाज नसताना बटण का दाबताय, म्हणून विचारलं.

"आता येईल असं वाटलं," तो काचेतून बघत म्हणाला. "सवय हो. कुठे काय यायला हवं, ते मला आधीच कळतं."

"इथे नाही कळायचं. इथे आवाज मी सोडते."

"मग सावकाश सोडा... मला घाई नाही."

ताईने माइक बंद केला आणि मगच हसली. पण काचेला दोन बाजू असतात हे ती विसरली होती. त्याने ते हसू बघितलं, आणि पुन्हा एकदा उगाचच बटण दाबलं.

तो 'उघडं घर'चा एडिटर निघाला. चौदा माणसं एका घरात कोंडायची, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे लावायचे आणि त्यांच्या दिवसभराच्या जगण्यातला तासभर कापून लोकांना दाखवायचा, असा तो कार्यक्रम. दहा दहा तास हेडफोन लावून त्याचा डावा कान वाजायला लागला होता. ताईने नाक मुरडलं. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकांसमोरच्या टीव्हीवर दुपारभर हाच कार्यक्रम पुन्हा पुन्हा चालायचा आणि ती जाता-येता त्याचा आवाज बंद करायची. घरी मात्र तिचं काही चालत नसे. आईवडिलांमागे दोघी बहिणींना वाढवणारी आत्या रोज भाजी निवडायला घेऊन त्याच्यासमोर बसायची, आणि त्या तासात घराला आग लागली असती तरी उठली नसती.

तपासणी संपली तेव्हा बाहेर बारीक पाऊस होता आणि छत्री एकट्या ताईकडे होती. समोरच्या कॉफीच्या दुकानापर्यंत सोडता का, असं त्याने इतक्या गरिबीने विचारलं की तिला नाही म्हणता येईना. दुकानात शिरल्यावर तिने त्याला सोडलं नाही ते वेगळ्या अर्थाने. पूर्वी शेजारच्यांचं भांडण भिंतीला कान लावून ऐकायची माणसाला लाज वाटायची, आता सोफ्यावर पाय पसरून ऐकतात आणि वर मत देतात, असं काय काय ती बोलली. तो शांतपणे साखर ढवळत राहिला.

"दिवसभर राबलेल्या माणसाला तासभर दुसऱ्याचं भांडण बघून स्वतःचं घर बरं वाटतं," तो म्हणाला. "त्यात कुणाचं काय जातं?"

याला उत्तर द्यायला म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग तिसऱ्या दिवशीही... उत्तरं होती तेवढी लवकर संपली, कॉफी काही संपेना.

त्याच टेबलावर त्याने तिला 'उसनी नजर' शिकवली. शुक्रवारी कुणी काही बोललं, की त्यापुढे मंगळवारी माशी हाकलताना वाकडं झालेलं दुसऱ्याचं तोंड जोडायचं. बघणाऱ्याला वाटतं, याला त्याचं बोलणं झोंबलं. ताईला ऐकून शिसारी आली. आणि त्याच संध्याकाळी ती आत्याशेजारी बसली. 'ती भुवई उसनी,' तिने त्याला मेसेज केला. उत्तर लगेच आलं, 'दहापैकी दहा. माशी मात्र माझी आवडती होती.' मग तो खेळच होऊन बसला. लवकरच तिला नुसत्या भुवया मोजून भागेना. त्या घरातला एक पैलवान बायकोच्या आठवणीने हुंदके देऊन रडला, तेव्हा ती आत्याच्या खांद्यावर थापा मारत पोट धरून हसली. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. प्रेमात पडलेल्या माणसाला काय काय आवडायला लागतं, त्याचा नेम नसतो.

"तू माणसांच्या तोंडाकडे इतकं निरखून काय बघतेस?" त्याने एकदा विचारलं. तोवर 'तुम्ही' कधीच मागे पडलं होतं.

कामच तसं आहे, ती म्हणाली. ऐकू आलं की नाही, ते बोटाच्या आधी चेहऱ्यावर कळतं. पण चेहऱ्यावरही सगळं कळत नाही. आणि मग तिने त्याला ती गोष्ट सांगितली, जी आत्यालाही धड माहीत नव्हती. आई गेली तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती. घर माणसांनी भरलेलं, आणि मधोमध उभी राहून ही मुलगी हसत होती. घाबरली की तिला हसू फुटतं. थांबवता येत नाही, तिचं तिलाच कळत नाही. ताईने झटकन तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. लोकांना वाटलं, पोरगी हुंदके देतेय.

तो काहीच बोलला नाही, नुसता तिचा हात हातात धरून बसला. जगातलं दुसरं कुणीही यावर काहीतरी बोललं असतं. हा बोलला नाही म्हणूनच ताईचं मन त्याच्यावर बसलं ते बसलं.

पुढच्या पर्वासाठी धाकटीची निवड झाली, तेव्हा कळलं की तिने आणि आत्याने गुपचूप अर्ज भरला होता. धाकटी बालवाडीत शिकवायची. चाळीस पोरं तिच्या अंगाखांद्यावर खेळायची, पण मोठ्या माणसांत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. एकदा तरी लोकांनी मला बघावं गं, असं ती म्हणाली आणि ताईचा विरोध विरघळला. तिने फक्त कात्री ज्याच्या हातात होती त्याला गाठलं.

"तिच्या चेहऱ्यापुढे उसनं काही जोडायचं नाही. एक फ्रेमसुद्धा नाही."

"तुझी शपथ," तो म्हणाला, आणि छत्रीच्या दांड्यावरच्या तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. "या पर्वानंतर आत्यांना भेटायला येतो... रीतसर."

तीन आठवडे धाकटी पडद्यावर असून नसल्यासारखी होती. चादरी घडी कर, कुणाची समजूत घाल. आत्या कुरकुरायची, ही बोलत का नाही म्हणून. आणि मग एका संध्याकाळी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं गेलं. घरात एक शिलाईकाम करणारी बाई होती, तिच्यासाठी घरून पत्र आलं होतं. ते मोठ्याने वाचायला धाकटीच्या हातात दिलं. मुलाला दवाखान्यात ठेवलंय, असं पत्रात होतं. तो आईला हाका मारतोय, असं तिसऱ्या ओळीत होतं.

तिसऱ्या ओळीला धाकटी हसली. तिने तोंडावर हात दाबला आणि बोटांच्या फटीतून पुन्हा हसली. शिलाईवाली खाली कोसळून रडत होती आणि पडद्यावर धाकटीचं हसू मावत नव्हतं, इतकं मोठं करून दाखवलं होतं. तिचे डोळे मात्र गर्रकन इकडेतिकडे फिरत कुणाचा तरी खांदा शोधत होते. कुणाचा, ते ताईला ठाऊक होतं. आत्याच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

ते बारा सेकंदांचं हसू दुसऱ्या दिवशी सगळ्या फोनवर होतं. दवाखान्यातल्या शिपायाने ते ताईलाच दाखवलं, ही बया कोण म्हणून. आठवड्याने लोकांनी मतं देऊन धाकटीला घराबाहेर काढलं. बालवाडीच्या मुख्याध्यापिका गोड बोलल्या, पण पालक ऐकायला तयार नव्हते. अशा काळजाच्या बाईकडे आमची मुलं नकोत, म्हणाले.

ताई कॉफीच्या दुकानात गेली ती पेटूनच.

"एकही फ्रेम जोडलेली नाही," ती बसायच्या आत तो म्हणाला. "मूळ फुटेज दाखवतो हवं तर. तुझी शपथ मोडली नाही मी."

ते खरं होतं. तिला बघायचीही गरज नव्हती, ते हसू तिने आधी पाहिलं होतं.

"पत्र तिच्याच हातात का दिलं?"

तो बिनसाखरेची कॉफी ढवळत राहिला... "पुढच्या आठवड्यात ती बाहेर गेली असती गं. कुणाला दिसतच नव्हती. बैठकीत तिचा विषय निघाला, मी एवढंच म्हणालो की घाबरली की ती हसते. मला वाटलं, ती वेगळी आहे हे लोकांना कळेल."

"आणि आईचं? तेही सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग ते का नाही दाखवलं?"

"दाखवणार होतो... वेळेत बसलं नाही."

शिलाईवालीच्या मुलाचे टॉन्सिल काढले होते, हेही त्यानेच सांगितलं. पत्र वाचलं त्या दिवशी तो मुलगा घरी येऊन खेळायलाही लागला होता. म्हणजे तसं काही फार झालं नव्हतं, असं त्याला म्हणायचं असावं. "चार दिवसांत विसरतील लोक. कुणाचं काय..." इथे मात्र त्याची जीभ अडली.

ताई उठली. त्याचा राग तिला पुरेसा येईना, कारण निम्मा तिच्या स्वतःच्या वाट्याचा होता. पंधरा वर्षं खांद्यात दाबून ठेवलेलं हसू तिने स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवलं होतं. आणि ते हसू धाकटीचं नसतं, दुसऱ्या कुणाचं असतं, तर आत्याशेजारी बसून तिने त्याला दहापैकी दहा दिले असते. हे तिला फार लागलं.

सहा महिन्यांनी तपासणीच्या यादीत त्याचं नाव आलं. तो काचेपलीकडे बसला, हेडफोन लावले आणि तिने आवाज सोडायच्या आधीच बोलायला लागला. नोकरी सोडली होती. कानाला खडा लावला होता. "तुझ्यावर प्रेम आहे माझं. आधीपासून होतं. एवढं तरी खरं मान."

तिने खरंच मानलं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं आणि त्यात उसनं काही नव्हतं. खोटं तर त्याने तेव्हाही काही केलं नव्हतं. तरी तिने माइक सुरू केला.

"आवाज आला की बटण दाबा," ती म्हणाली. "नाही आला तर दाबू नका."

ते 'दाबा' त्याला नीट ऐकू आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. या वेळी त्याचं एकदाही चुकलं नाही. कान आता ठीक आहेत, रिपोर्ट बाहेर मिळेल, असं तिने सांगितलं आणि दार उघडून धरलं. धाकटी कशी आहे, त्याने जाता जाता विचारलं. ताईने पुढच्या पेशंटला हाक मारली.

धाकटी आता एका औषधांच्या गोदामात खोकी बांधायची. तिथे मागच्या खोलीत कुणाला तोंड दिसत नसे, म्हणून तिने ते काम धरलं होतं. घरी ती जेवायची, झोपायची, विचारलं तर बोलायची. हसणं मात्र संपलं होतं. मध्यंतरी स्वयंपाकघरात पडदा पेटला, आत्या किंचाळली, तेव्हाही ती हसली नव्हती. दगडासारखा चेहरा ठेवून तिने पाणी ओतलं होतं.

त्या संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा ती दारातच भेटली. यादीतलं त्याचं नाव ताईने तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "तो आला होता का गं?" तिने विचारलं. ताईने मान डोलावली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बोलणं यायच्या ऐवजी तिला रडू फुटलं. घरात आत्या होती, शेजारच्या दोघीजणी येऊन बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

धाकटीने पुढे होऊन ताईचं डोकं आपल्या खांद्यात घट्ट दाबून धरलं.

"कुणी बघत नाहीये, ताई," ती म्हणाली.