शिंग कोणी फुंकलं?

"माझ्या बापाने जागा सोडली असं म्हणतात ते!" दलेंदाने टेबलावर मूठ आपटली. चहाचा पेला कलंडला. "हाका संपायच्या आत जागा सोडाल तर मराल, हे बेचाळीस हिवाळे ज्याने सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, तो स्वतः येड्यासारखा झुडपात उतरला म्हणे!"

मुनसिफ झवारीने पेला सरळ केला. ट्युनिसमध्ये खाजगी तपास करणारा हा माणूस बोलायचा कमी. त्याचा मदतनीस आणि ड्रायव्हर हम्मादी सांडलेला चहा पुसू लागला.

"नीट सांग, पोरी."

दलेंदाने सांगितलं. ऐन द्राहम गावाच्या वरच्या बाजूला, बुचाच्या झाडांच्या रानात दर हिवाळ्यात तिच्या वडिलांचा, लारूसींचा, शिकारीचा तळ पडायचा. धाकटा भाऊ बशीर, बशीरचा मुलगा वाजदी आणि जुने दोस्त डॉक्टर मेहरेज. ती स्वतः सहा वर्षांची असल्यापासून जायची. बशीरकाकाच्या खांद्यावर बसून डोंगर चढायची. यंदा तापामुळे राहिली. रानडुकरांना कुत्र्यांनी शिकाऱ्यांच्या रांगेकडे हाकललं, त्या हाक्यात वाजदीने एकच बार काढला आणि तो लारूसींच्या मांडीत बसला. लारूसीच त्याच्या बंदुकीच्या नळीपुढे आले, असं ठरलं आणि प्रकरण मिटलं.

"बंदूक वाजदीची हे तो मान्य करतो. मग तुला काय हवंय?" हम्मादीने विचारलं.

"खरं काय ते! मेलेल्या माणसावर खापर फोडून हे तिघं जेवतायत!"

मृत्यूच्या चाळीसाव्या दिवशी सगळे तळावर जमले. दुपारची वेळ होती. मुनसिफने आधी जागा पाहिल्या. लारूसींची जागा उंचवट्यावर, एका बुचाच्या झाडाखाली. प्रेत सापडलं ते तीस पावलं खाली, काटेरी झुडपात. वाजदीची जागा डावीकडे, डॉक्टरांची उजवीकडे दीडशे पावलांवर. बशीरची वाजदी आणि लारूसींच्या मधे.

"भावाची काठी झाडालाच टेकलेली होती ना?" मुनसिफने बशीरला विचारलं. "गुडघा गेलेला माणूस काठीशिवाय ही उतरण उतरला?"

"डुक्कर दिसल्यावर शिकाऱ्याला गुडघा आठवतो होय?" बशीर फटकन म्हणाला. "तुम्ही शहरातली माणसं. तुम्हाला काय कळणार!"

"तुम्ही कधी पोचलात?"

"शिंग वाजल्यावर. सगळ्यांबरोबर. हाका संपला की भाऊ शिंग फुंकायचा, त्याआधी कोणी हलत नाही."

वाजदी खाली बघत होता. लारूसींचं शिंग मुनसिफने त्याच्या हातात दिलं. "वाजव बघू."

वाजदीने गाल फुगवले. मेंढी शिंकल्यासारखा आवाज निघाला. हम्मादीला हसू आवरेना.

"कोणालाच जमत नाही ते," दलेंदा म्हणाली. "आजोबांनी फक्त आपल्या दोन मुलांना शिकवलं होतं."

"हाका संपल्यावर तू काय केलंस, वाजदी?"

"काकांना जीपपर्यंत नेलं सगळ्यांनी. मी सामान आणायला मागे राहिलो. कुत्र्यांनी खाली एक डुकराचं पिल्लू फाडलं होतं, ते कुत्र्यांनाच घातलं."

"कुठे?"

"वर... काकांच्या झाडाखाली."

"खाली मेलेलं डुक्कर वर ओढलंस? हराम म्हणून ज्याला हात लावायलाही आपली माणसं कुरकुरतात ते?"

वाजदीने हातातलं शिंग खाली ठेवलं.

डॉक्टर मेहरेज खोकत खोकत बोलले. "बार ऐकला तेव्हा मी सिगारेट पेटवली होती. ती संपली, दुसरी अर्धी झाली, तेव्हा शिंग वाजलं. तीन लांब फुंका, नेहमीसारख्या दमदार. त्यानंतर एकही बार नाही. मी धावलो. लारूसी झुडपात पडला होता, नाडी गेलेली. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली होती. तरी खाली रक्त ओंजळभरच. मला वाटलं, मातीने पिऊन टाकलं असेल."

जेवण झालं नव्हतंच. सगळे झोपडीत बसले. मुनसिफ उभा राहिला.

"बार एकच, आणि तो शिंगाच्या आधी. म्हणजे शिंग वाजलं तेव्हा लारूसी पडलेले होते. मग शिंग कोणी फुंकलं?"

हम्मादी डोकं खाजवत म्हणाला, "त्यांनीच. मदतीला बोलवायला."

"रक्त वाहून जात असलेला माणूस दीड सिगारेट थांबतो आणि मग दमदार फुंकतो? वाजदीला वाजवता येत नाही. डॉक्टरांना दम नाही. शिकवलं होतं दोघांनाच. त्यातला एक मरत होता."

सगळ्यांचे डोळे बशीरकडे वळले.

"काठी झाडाशी राहिली, कारण लारूसी झाडापासून हललेच नाहीत. ते उभे होते तिथेच वाजदीने रांगेच्या दिशेने बार काढला. शिकारीत याला माफी नाही. म्हणून बापलेकांनी त्यांना उचलून वाजदीच्या नळीपुढे, खाली नेऊन ठेवलं. झुडपात रक्त नव्हतं, कारण ते वर सांडलं होतं. वरचं रक्त झाकायला वाजदीने डुक्कर वर ओढलं. सगळं जागच्या जागी लागल्यावर बशीरनी शिंग फुंकलं."

"पोराच्या हातून चूक झाली!" बशीर ओरडला. "त्याचं आयुष्य..."

"चुकीबद्दल मी बोलतच नाही," मुनसिफचा आवाज चढला. "डॉक्टर, वेळेवर पोचला असतात तर?"

मेहरेज उठले होते. "पट्टा आवळून बांधला असता. जीपमध्ये घातला असता. मी दीडशे पावलांवर होतो, बशीर! सिगारेट ओढत बसलो होतो रे मी!"

वाजदी रडू लागला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

दलेंदा बशीरसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही उचललंत तेव्हा ते जिवंत होते?"

बशीरने मान डोलावली.

"काही बोलले?"

"मेहरेजला हाक मार म्हणाला." बशीरचा आवाज जेमतेम ऐकू आला. "दोनदा म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं... आलाच तो."

दलेंदाचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. तिने दार उघडलं.

"चला, गाडीत बसा. ठाण्यात हेच सांगायचं. एक शब्दही गाळायचा नाही."

बशीर उठला. दारातून जाताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला.

"हात लावू नका," ती म्हणाली.