स्नेगिरचं शेवटचं उड्डाण

धुकं इतकं दाट होतं की न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या विमानतळाच्या काचेतून विमान सोडाच, बाहेरचं कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. २०१६चा जुलै, शनिवार सकाळ. माझ्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. ऑकलंडच्या सँडरिंगहॅममध्ये माझ्या मावसबहिणीचं, सानिकाचं, डोहाळजेवण होतं आणि संध्याकाळी सहाच्या आत मला तिथे पोचायचं होतं.

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, ऑकलंडचं विमान रद्द.

"अरे देवा!" माझ्या तोंडून निघालं.

"याला धुकं म्हणतात होय?" शेजारून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं. "आमच्याकडे याला ऊन म्हणायचे."

मी वळून पाहिलं. कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, दोन दिवसांची दाढी आणि हसू दाबायचा प्रयत्न करणारे डोळे.

"आमच्याकडे म्हणजे? महाबळेश्वर?"

"नाही हो... सायबेरिया."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्या हसऱ्या डोळ्यांत एक क्षणभर काहीतरी लांबचं दिसलं— आणि विझलंही.

विमान कंपनीने बस दिली. आठ तासांचा रस्ता. मी खिडकीशी बसले आणि डबा शेजारच्या सीटवर ठेवला. टोपीवाले महाशय तिथेच येऊन उभे राहिले.

"बसू का? की लाडवांचं रिझर्वेशन आहे?"

"तुम्हाला कसं कळलं लाडू आहेत?"

"डिंक आणि जायफळ. आठ वर्षं रशियात काढलेल्या माणसाचं नाक आहे हे, मॅडम. असल्या वासाला तरसलेलं."

त्याचं नाव इंद्रनील पाटणकर. मूळचा नाशिकजवळच्या ओझरचा. वडील तिथल्या विमान कारखान्यात. शेजारच्या क्वार्टरमध्ये रशियन इंजिनिअर राहायचे. लहानपणी त्यांच्याकडून हा बुद्धिबळ आणि शिव्या शिकला, मग भाषा शिकला, मग शिकायलाच रशियाला गेला. आता पामर्स्टन नॉर्थच्या एका फ्लाइंग स्कूलची छोटी विमानं दुरुस्त करत होता.

"आणि मधे?"

"मधे... स्नेगिर."

स्नेगिर म्हणजे लाल छातीचा एक इवलासा पक्षी. बाकीचे पक्षी थंडीला भिऊन पळतात तेव्हा हा बर्फात बसून राहतो. त्याच्या नावाची एक विमान कंपनी होती. गालिना पेत्रोव्ना नावाच्या बाईंनी काढलेली. आयुष्यभर नियंत्रण कक्षात बसून दुसऱ्यांची विमानं उतरवली, आणि पन्नाशी उलटल्यावर दोन म्हातारी विमानं घेऊन स्वतःची कंपनी उभी केली! जिथे रस्ता नाही, रेल्वे नाही, नदी आठ महिने गोठलेली, अशा गावांना जायची ती विमानं.

"मी लागलो तेव्हा दोन विमानं, सहा गावं. २०१२ साली अकरा विमानं, एकतीस गावं! वल्लरी, तुम्हाला सांगतो, उणे पंचेचाळीसमध्ये इंजिनातलं तेल गुळाच्या ढेपेसारखं घट्ट होतं. गरम हवेचे पाइप लावून दोन-दोन तास शेकावं लागतं. धातूला उघडा हात लागला की कातडी तिथेच राहते. आणि वारा पडला ना... की आपलाच श्वास गोठून खाली पडताना ऐकू येतो."

"श्वास? ऐकू येतो?"

"हो. बारीक. कुणी तांदूळ पाखडावेत तसा."

बाहेर धुकं फाटलं आणि रुआपेहू पर्वत एकदम समोर आला. पांढराशुभ्र, निळ्या आभाळात मावेना असा. सगळी बस खिडक्यांना चिकटली. मी मात्र त्याच्या हातांकडे बघत होते. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर गुळगुळीत, चकचकीत डाग होते. थट्टा नव्हती तर ती.

ऑकलंड येईपर्यंत पाच लाडू संपले होते. सानिकाच्या ओटीत कमीच पडले, पण कुठे गेले ते मी सांगितलं नाही.

*

मी पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. दिवसभर गोळ्या, डोस आणि डॉक्टरांची अक्षरं. त्या रुक्ष दिवसांत रविवार हळूहळू वेगळा पडत गेला. मानावातू नदीच्या काठाने आम्ही चालायचो. डोंगरावर पवनचक्क्या फिरत असायच्या, आणि तो स्नेगिरबद्दल सांगायचा.

एकदा म्हणे एका गावच्या संगीत शिक्षिकेने पियानो मागवला. विमानातल्या आठ खुर्च्या काढून यांनी तो चढवला. उतरल्यावर बाई म्हणाल्या, दोन दिवस कुणी हात लावायचा नाही, गारठलेली लाकडं एकदम उबेत आली तर तडकतील. मग शाळेत पियानोवर घरोघरची पांघरुणं घातली. अख्खं गाव दोन दिवस येऊन त्या पांघरुणांच्या ढिगाकडे बघून जायचं.

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी वाजला. बेसूर होता थोडा." तो थांबला. "मी तसं सुरेल काही ऐकलेलं नाही त्यानंतर."

त्याच्या प्रेमात पडायच्या आधी मी स्नेगिरच्या प्रेमात पडले, हे कबूल करायला हवं.

मग २०१४ आलं. रुबल कोसळला. नवी विमानं परदेशातून भाड्याने घेतलेली, मालक एकेक करून ती परत न्यायला लागले. वैमानिक गेले, गावं तुटली. २०१५च्या डिसेंबरात एकच विमान उरलं आणि ते सगळ्यांत लांबच्या गावाहून शेवटचं निघालं.

"मी मागच्या खुर्चीत होतो," इंद्रनील सांगायचा. "सगळं गाव धावपट्टीच्या कडेला उभं होतं. त्या थंडीत सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या. कुणी हात हलवला नाही. नुसते उभे..."

ही गोष्ट मी कुणाकुणाला सांगितली नाही! हॉस्पिटलमधल्या सुलेखाला सांगितली, पुण्यात आईला फोनवर सांगितली. एरवी कुठल्याही मुलाचा आधी पगार विचारणारी माझी आई, पण या वेळी तिने तो विचारलाच नाही. मग हळूच म्हणाली, "माणूस धरून राहणारा दिसतोय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही. पण एकदा त्या गुळगुळीत बोटांवर मी माझी बोटं ठेवली आणि विचारलं, "इथे काही जाणवतं?"

"नाही," तो म्हणाला. "थोडं वर... हं. इथे जाणवतं."

एवढंच. तरी त्याने लग्नाचं काही विचारलं नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं. विषय जवळ आला की तो उठून चहा करायचा. मला कळेना, हा नेमका कशाला घाबरतोय?

*

२०१८च्या फेब्रुवारीत गालिना पेत्रोव्नांचा निरोप आला. मुलाने आईला क्रूझवर पाठवलं होतं. जहाज एक दिवस वेलिंग्टनला थांबणार होतं. भेटशील का?

इंद्रनीलचा चेहरा पांढरा पडला. आनंदाने असेल, असं मला वाटलं.

"मी येणारच," मी म्हटलं. "मला त्यांच्या पाया पडायचंय."

दोन तासांच्या रस्त्यात तो दोनदा चहाला थांबला. बंदरावर वारा नुसता सुटला होता. जहाजाच्या शिडीवरून एक ठेंगणी, रुंद बाई उतरली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायांत नव्याकोऱ्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. तिने इंद्रनीलला पाहिलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी वाकले तशी तिने मलाही तसंच धरलं.

पाण्याकाठच्या एका कॅफेत आम्ही बसलो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला रशियन. मधे इंद्रनील. मी भरभरून बोलत होते. पियानोबद्दल विचारलं, इंजिनं शेकण्याबद्दल विचारलं. गालिना पेत्रोव्ना हसत होत्या, टेबलावर थापा मारत होत्या. मग मी म्हटलं—

"त्यांना सांग, शेवटच्या उड्डाणाची गोष्ट ऐकून मी रडले होते. आणि विचार, तू त्या दिवशी सोबत होतास त्याचा त्यांना आधार वाटला असेल ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने रशियनमध्ये विचारलं. आवाज अगदी सपाट. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्या दोनच वाक्यं बोलल्या.

इंद्रनीलने कप खाली ठेवला.

"त्या म्हणतायत..." तो थांबला. "त्या म्हणतायत, हा तिथे नव्हता. हा तीन आठवडे आधीच निघून गेला होता."

वारा काचांवर आदळत होता. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मी पळालो, वल्लरी. इथल्या नोकरीचं पत्र आलं होतं. त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. त्यांच्या ऑफिसातल्या टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि पहाटेच्या गाडीने गेलो. बाकीचं मी... रचलं. मी तिथे असायला हवं होतं, म्हणून."

मी उठले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, नुसती चालत सुटले. बंदराच्या कठड्याशी उभी राहिले. केस डोळ्यांत जात होते, पाणी येत होतं. वाऱ्याने की कशाने, कोण जाणे. दीड वर्ष! आईला सांगितलं मी. धरून राहणारा माणूस! आणि त्या टोप्या काढून उभ्या राहिलेल्या माणसांवर मी जीव टाकला होता...

पण पाण्याकडे बघता बघता दुसरंच काहीतरी मनात आलं. मला रशियनचा एक शब्द येत नाही. तो काहीही सांगू शकला असता. 'हो, फार आधार वाटला,' म्हणाला असता तर मी आनंदाने आणखी एक कॉफी मागवली असती. जन्मभर कळलं नसतं मला.

मी परत आले. दोघं तसेच बसले होते. खुर्ची ओढून मी म्हटलं, "खरं काय झालं ते त्यांना सांगू दे. तू फक्त भाषांतर कर. एक शब्दही सोडू नकोस."

गालिना पेत्रोव्ना संथपणे बोलू लागल्या आणि तो त्यांच्या मागोमाग मराठीत.

"गाव आलंच नव्हतं त्या दिवशी. उणे एकावन्न होतं, कोण येणार? धावपट्टीवर एकटी नीना होती, रेडिओवाली. रोज ती वैमानिकाला हवा वाचून दाखवायची. वारा, तापमान, ढग. त्या दिवशीही वाचली. विमान उडालं. तिचं काम संपलं. पण ती थांबली नाही. परत वाचली. मग परत. एक तास दहा मिनिटं, विमान आमच्या तळावर उतरेपर्यंत ती तीच हवा वाचत राहिली. वैमानिकाला एकटं वाटू नये म्हणून. मी तळावर रेडिओशी बसून ऐकत होते."

 हे इंद्रनीलही पहिल्यांदाच ऐकत होता.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला," त्या म्हणाल्या, तो म्हणाला, "मी सवयीने रेडिओ लावला. आमच्या आकाशात एकही विमान नव्हतं. नीना हवा वाचत होती."

 त्याने रचलेल्या गर्दीपेक्षा ही एकटी बाई केवढी मोठी होती!

मग गालिना पेत्रोव्नांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि आणखी काही सांगितलं. तो ऐकत राहिला. भाषांतर येईना.

"एक शब्दही सोडायचा नाही म्हटलंय मी."

"त्या म्हणतायत..." त्याने डोळे पुसले. "तू चिठ्ठी ठेवत होतास तेव्हा मी तुला पाहिलं होतं. बाहेर माझ्या गाडीत बसले होते. आत आले असते तर तू थांबला असतास. म्हणून तू जाईपर्यंत उतरले नाही. इंजिन बंद, काचांवर बर्फ... पाय बधिर झाले माझे. तू पळाला नाहीस, मूर्खा. मी तुला सोडलं."

 इंद्रनील टेबलावर डोकं टेकून रडला, एवढा उंच माणूस. कॅफेतल्या मुलीने न विचारता पाण्याचे तीन ग्लास आणून ठेवले आणि पाय न वाजवता निघून गेली.

चार वाजता जहाजाचा भोंगा झाला. शिडीपाशी गालिना पेत्रोव्नांनी मला कुशीत घेतलं, मग माझ्याकडे बोट दाखवून त्याला काहीतरी विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि जेमतेम तीन शब्द पुटपुटला. त्यावर त्यांनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढे गेला.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"इंद्रनील. भाषांतर."

"त्यांनी विचारलं..." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ही मुलगी लग्नाला हो म्हणाली का?"

"आणि तू?"

"मी म्हटलं, अजून विचारलं नाही. इतकं खोटं पोटात ठेवून कसं विचारणार होतो?" त्याने मान वर केली. "आज नाहीये काही पोटात. विचारू?"

मी त्याच्याकडे पाहिलं. राग पूर्ण गेला नव्हता. पुढे कित्येक महिने मी त्याला त्यावरून छळणार होते. पण या माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःविरुद्धचं वाक्य माझ्या भाषेत आणून दिलं होतं. असा दुसरा कुठे मिळणार होता मला?

गालिना पेत्रोव्ना कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मागे खलाशी शिडी काढायला खोळंबले होते.

"'हो'ला रशियनमध्ये काय म्हणतात?" मी विचारलं.

"दा," तो म्हणाला. "का?"

मी गालिना पेत्रोव्नांकडे वळले आणि वाऱ्यावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले—

"दा!"