मोहनसिंगच्या अर्जाचा तिसरा कागद

“रुख्मे, कागद आंधी हातानं पाह्य, मंग डोयानं.”

वडिलांचा हा आवाज रुख्मिणीबाईंच्या कानात अजून जसाच्या तसा होता. वडील तहसिलीत रेकॉर्ड सांभाळायचे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी नवा कागद समोर आला की बाईंची बोटं आधी पुढे व्हायची.

आजही झाली. दसऱ्यानंतरचा सोमवार, सकाळचे अकरा. वाशीमच्या एका कॉलेजातल्या बास्केटबॉल मंडळाच्या खोलीत सेक्रेटरी पंजाबरावांनी आपला खण उघडला आणि एक फुलस्केप कागद टेबलावर ठेवला.

“घ्या. वादच मिटला,” पंजाबराव म्हणाले. “तांड्यावाल्यांनी माघार घेतली.”

कागदावर टाइप केलेल्या तीन ओळी होत्या. मंडळाच्या सभासदत्वासाठी केलेला आमचा अर्ज आम्ही मागे घेत आहोत, संघ पाठवणे शक्य नाही, कळावे. खाली निळ्या शाईत सही होती. मोहनसिंग, मुख्याध्यापक.

रुख्मिणीबाईंनी सही पाहिली. सही खरी होती.

 

अकरावी-बारावीचे वर्ग गावोगावी निघाले तसे मंडळात यायला अर्ज येऊ लागले होते. यंदा जागा एकच होती आणि अर्ज दोन. एक कारंज्याच्या संस्थेचा, दुसरा पोहरादेवीच्या अलीकडच्या बंजारा तांड्यावरच्या मोहनसिंगच्या शाळेचा. निवड तिघांनी करायची. रिसोडचे म्हातारे प्रिन्सिपॉल ग्यानबा अध्यक्ष, ह्याच कॉलेजचा मुलींचा संघ सांभाळणारे पंजाबराव सेक्रेटरी, आणि मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या रुख्मिणीबाई सभासद. अर्जदारांना निवडीच्या दिवशी खोलीत यायची बंदी होती.

तांड्यावर नऊ मुली खेळत होत्या. श्रावणात बाई स्वतः मैदान बघून आल्या होत्या. तेव्हा मुलींच्या आया भोवती बसल्या होत्या. त्यांतली लखमा म्हणाली होती, “मंडयात नाव लागलं तं खेयासाठी पोरी वसतिगृहात राहतीन, बाई. नाई लागलं तं दसऱ्यानंतरच्या सोमवारी संध्याकायी ट्रक येते. ऊसतोडीले आमच्यासंगं पोरीबी.”

“निकालाचं कार्ड येईल तुम्हाला,” बाई म्हणाल्या होत्या.

“कार्ड आमाले वाचता येते काय? कार्ड कोणीबी आणते, काईबी सांगते. तुमी या.”

“येईन,” बाई म्हणाल्या होत्या.

तो सोमवार आजचा.

“मंग ठराव लिहा,” ग्यानबांनी सुपारीची डबी बंद केली. “कारंजावाल्यांचं नाव टाका. दुपारच्या टपालात यादी गेली पाह्यजे.”

“सर, थोडं थांबता का?” रुख्मिणीबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. त्यांनी कागदावर तळवा फिरवला. वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे. कोपऱ्यापाशी बोट थांबलं.

त्यांनी बोट उजेडात धरलं. टोक पिवळसर होतं.

पण सकाळी तुळशीची पूजा करूनच त्या निघाल्या होत्या. बोटं त्यांची रोजच हळदीने पिवळी असत. त्या उठल्या, बाहेरच्या माठाजवळ हात स्वच्छ धुतले, पुसले. परत येऊन कागद उलटा केला आणि ओल्या रुमालाच्या टोकाने मागचा कोपरा टिपला.

रुमाल पिवळा झाला.

“काय करून राह्यल्या, बाई?” पंजाबराव हसले. “कागदाची पूजा?”

“तुम्हाला हा कागद कधी मिळाला, पंजाबराव?”

“शनिवारी. टपालानं.”

“पाकीट?”

“फाडून फेकलं. एवढंसं खाकी पाकीट.” पंजाबरावांनी आपला तळवा दाखवला. “पाकिटं जपून ठेवायची असतात काय?”

“मग फायलीला लावलात?”

“छे! देवमन रजेवर होता. फायलीत गहाळ झालं असतं. म्हणून तसंच माझ्या खणात ठेवलं. तुमच्यासमोरच काढलं ना आत्ता?”

“हो. समोरच काढलंत.”

ग्यानबांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाई, काय हाय मनात? सही मोहनसिंगची नाई काय?”

“सही त्यांचीच आहे, सर. देवमनला बोलवता का?”

देवमन मंडळाचा कारकून. बुधवारी संध्याकाळी कुलूप लावून तो नागपूरला गेला होता, दीक्षाभूमीला. आज सकाळीच परतला होता. डोळे तारवटलेले, खांद्यावर अजून प्रवासाची पिशवी.

“देवमन, मंडळाच्या अर्जाला किती कागद असतात?”

“तीन, बाई.”

“तिसऱ्यावर काय असतं?”

“काईच नाई. कोराच राह्यते. खाली हेडमास्तरची सही, वरची जागा तपासनीच्या शेऱ्यासाठी सोडतात. शेरा त्याच दिवशी तिथंच लिहा लागते.”

“तांड्याची फाईल आण.”

फाईल आली. नाडीत ओवलेले कागद बाईंनी मोजले. एक. दोन.

“दोनच?” देवमनने फाईल हिसकावलीच. “असं कसं? बुधवारी म्या सोता नाडी बांधली तवा तीन होते!”

“नीट आठव,” पंजाबराव म्हणाले.

“आठवाचं काय त्याच्यात? हा अर्ज म्या इसरीन काय? घटस्थापनेले मोहनसिंग सर घेऊन आले. तिन्ही कागदांच्या कोपऱ्याले हळद! म्या म्हणलं, सर, अर्ज हाय का लग्नपत्रिका? तं म्हणे, लखमाबाईनं लावली, पह्यल्यांदा पोरींचं नाव भाईर चाल्लं म्हणून.”

ग्यानबांना हसू आलं आणि मावळलं. ते पुढे वाकले. फायलीतल्या दोन्ही कागदांच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढे पिवळे ठसे होते.

“पंजाबराव,” बाई म्हणाल्या, “तांड्यावरचं मैदान तपासायला तुम्हीच गेला होतात ना?”

“गेलो होतो. नवरात्राच्या दुसऱ्या माळेला.”

“एकटे?”

“नाही... आपल्या पोरी होत्या सोबत. सरावासाठी.”

“मी होतो ना जीपमंधी!” देवमन बोलून गेला. “जातानी गाणे, येतानी एकीच्या तोंडातून शब्द नाई.”

“तू गप रे!”

“आणि शेरा?” बाईंनी विचारलं. “त्या दिवशीच लिहायचा होता. काय लिहिलात?”

पंजाबरावांनी खिशातून रुमाल काढला. मान पुसली. “राहून गेला. म्हटलं, नंतर लिहू. तेवढ्यात त्यांचीच माघार आली. आता ह्या गोष्टीला काय अर्थ आहे, बाई? बारा वाजत आले.”

भिंतीजवळच्या काचेच्या कपाटात सहा ढाली उभ्या होत्या. सहा वर्षं, सहा ढाली, सगळ्या ह्याच कॉलेजच्या मुलींच्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पदर सावरला.

“सर, हे माघारीचं पत्र नाही. हा मोहनसिंगच्या अर्जाचा तिसरा कागद आहे.”



“हात लावून पाहा. डाव्या बाजूला दोन भोकं आहेत, नाडीची. जे पत्र कधी फायलीत गेलंच नाही, त्याला नाडीची भोकं कुठून आली? मागे हळदीचा ठसा आहे. पुढचा कोणीतरी खरवडलाय, तिथं कागद खरखरीत लागतो. मागचा राहून गेला. शेऱ्यासाठी सोडलेल्या कोऱ्या जागेत तीन ओळी टाइप केल्या. खाली सही आधीच होती.”

“हळदीचं काय घेऊन बसल्या!” पंजाबराव उसळले. “तांड्यावरचे लोक सगळ्यालेच हळद लावतात.”

“माघारीला? पंजाबराव, मयतीच्या कार्डाचा आपण कोपरा फाडतो. तुमच्या घरी अशुभाच्या कागदाला कोणी हळद लावली आहे का?”

 पंजाबरावांचं बोट देवमनकडे वळलं.

“असेल तिसरा कागद. पण फाईल कोणाच्या ताब्यात? टाइपचं मशीन कोण चालवतं? कारंजावाल्यांनी हात ओले केले असतील ह्याचे. सर, ह्याले आजच काढून टाका.”

देवमनचा चेहरा उतरला. पिशवी खांद्यावरून घसरून खाली पडली. “सर, मायची आन... म्या कायले करू असं? त्या पोरी सोताच्या पायावर उभ्या राह्यल्या तं मले आनंदच हाय. आमीबी तं तसेच शिकलो.”

“खोलीची किल्ली कोणाकडे होती, देवमन?” बाईंनी विचारलं.

“पंजाबराव सायबाकडं. बुधवारपासून.”

“बुधवारच्या आधीच केलं असेल ह्यानं!” पंजाबराव ओरडले. “टाइप करून माझ्याच नावानं पोस्टात टाकलं असेल!”

“टाकलं असतं,” बाई शांतपणे म्हणाल्या, “तर कागदाला घडी असती.”

त्यांनी तो फुलस्केप कागद दोन्ही हातांनी धरून ग्यानबांपुढे आडवा केला. खिडकीतला उजेड त्यावरून सरळ वाहून गेला. एक रेघ नाही, एक मोड नाही.

“तळव्याएवढ्या पाकिटात हा कागद बसवायला निदान चार घड्या घालाव्या लागतील. ह्याला एकही नाही. सर, हा कागद टपालानं आलाच नाही. देवमननं केला असता, तर तो पंजाबरावांपर्यंत कसाही पोचला असता. पण मग पंजाबरावांना पाकीट कुठं दिसलं? खाकी, एवढंसं, स्वतः फाडलेलं?” त्यांनी कागद ग्यानबांपुढे ठेवला. “पाकिटाची गोष्ट त्यालाच रचावी लागते, ज्याला कागद कुठून आला हे सांगता येत नाही.”

ग्यानबांनी कागद घेतला. बोटं फिरवली. फार वेळ फिरवली.

“पंजाबराव, काहून?”

पंजाबराव खुर्चीत बसले. ढालींच्या कपाटाकडे त्यांनी पाठ केली.

“अडतीस-बावीस,” ते पुटपुटले.

“काय?”

“त्या दिवशीचा स्कोर. अडतीस त्यांचे. मातीच्या मैदानावर, अनवाणी पोरी, सर! शेरा काय लिहू? रिंग दहा फूट बरोबर, आखणी बरोबर, संघ आपल्यापेक्षा सरस? ते लिहिलं असतं तं सातवी ढाल कुठं गेली असती? गावात तोंड दाखवलं असतं काय म्या? शुक्रवारी दसऱ्याची सुट्टी होती. खोलीत कोणी नव्हतं.”

“आणि ह्या माणसाची नोकरी घ्याले निंगाले होते,” ग्यानबा म्हणाले.  “किल्ली ठेवा टेबलावर. बाकीचं कार्यकारिणी पाहीन.”

किल्ली टेबलावर वाजली. पंजाबराव उठले. दाराशी त्यांनी एकदा वळून पाहिलं. बाई देवमनची पिशवी उचलून त्याच्या हातात देत होत्या.

तपासणीचा शेरा आता बाईंनी लिहिला. श्रावणात त्यांनी स्वतः ओळंबा सोडून रिंग मोजली होती, ते सारं त्यांच्या वहीत होतं. ग्यानबांनी सही केली. तीन मतांपैकी दोन तांड्याला पडली. देवमनने यादी टाइप केली आणि दुपारच्या टपालात नेऊन टाकली.

“कारंजावाल्यांले म्या समजावतो. पुढच्या साली त्यांचा नंबर,” ग्यानबा म्हणाले. “बाई, आता घरी जा. सोमवारचा उपास तुमचा, चेहरा पाहा कसा झाला. मोहनसिंगले कार्ड टाकून देऊ.”

“ट्रक आज संध्याकाळी येतो, सर.”

“मंग निरोप पाठवू कोणासंगं तरी.”

 रुख्मिणीबाईंनी ठरावाची एक नक्कल मागून घेतली. पर्समधली चांदीची डबी उघडली, चिमूटभर हळद बोटावर घेतली आणि नकलेच्या चारही कोपऱ्यांना लावली. कागद दुमडला नाही. वहीत सपाट ठेवला.

स्टँडवर मानोऱ्याची एसटी लागलेली होती. कंडक्टर दार लावतच होता.

“बाई, पोहरादेवी? आज तं जत्रा नाई.”

“अलीकडच्या तांड्याच्या फाट्यावर उतरवा, भाऊ,” बाई म्हणाल्या आणि वही छातीशी धरून पायरी चढल्या.