घरघर काढून द्या

बसा, सांगतो. त्या दुपारी मी आधीच थकलेला होतो. अँप्लिफायर दुरुस्त करण्यात जन्म गेला, कंबर कामातून गेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचा निरोप आला, वस्तू जड आहे, घरीच या. नवरा नुकताच गेलेला. अँप्लिफायर त्यानेच हाताने बांधलेला.

"गाणी छान लागतात हो," बाई म्हणाल्या. "पण मागे सारखी घरघर. ह्यांना चालायची. गाणं नसलं तरी हे नुसती ती घरघर लावून बसायचे. मला आता झोप हवीय, भाऊ. गाणं लावून शांत पडायचंय."

झाकण काढलं. जोडणी इतकी नेटकी की नाव ठेवायला जागा नाही. ट्रान्सफॉर्मर दणकट. पण वीज साठवून एकसारखी पुरवणारे कपॅसिटर मात्र चिमुकले, हौदाच्या जागी पेला ठेवावा तसे. घरघर त्यांच्यामुळेच होती. एवढ्या सफाईदार हाताचा माणूस अशी चूक करत नाही, मनात आलं. पण घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, मी फार डोकं चालवलं नाही.

मोठे कपॅसिटर बसवले. चालू केला. स्पीकरला कान लावला तरी काही नाही, इतका स्वच्छ.

मग स्पीकरच्या आत कोणीतरी श्वास घेतला.

आवाजाचं बटण शून्यावर होतं. मागे गाण्याची एकही तार जोडलेली नव्हती.

"बाळा... किती हाका मारायच्या रे..." म्हातारीचा आवाज.

बाई भिंतीला टेकल्या. "सासूबाई," त्या पुटपुटल्या. "त्या गेल्या, आणि लगेच ह्यांनी हा बांधायला घेतला..."

म्हणजे घरघर त्याने मुद्दाम ठेवली होती. हाका ऐकू येऊ नयेत म्हणून.

मी प्लग उपटला. मोठे कपॅसिटर असले की प्लग काढल्यावरही थोडा वेळ आवाज राहतो, मग विरतो. मी वाट पाहिली. तो विरला नाही.

"आई, आलोय ना मी..." आता पुरुषाचा आवाज. दमलेला. "थांब, तिलाही बोलावतो. अगं... ये ना."

मी पकड उचलली. "ताई, जुने कपॅसिटर परत बसवतो. असू दे घरघर. तुम्ही ओ देऊ नका."

त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला. "राहू द्या, भाऊ. एकटीने फार दमले मी."

त्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटून घेतले. मी हत्यारं कशीबशी पिशवीत कोंबली. दारात बूट चढवत होतो, तेवढ्यात बाईंचा आवाज आला, "आले, आले," स्वयंपाकघरातून सांगावं इतका सहज.

मी वळून पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. आवाज स्पीकरमधून आला होता.