न खरडलेला थाळा

"अहो, पाणी गढूळ करू नका! खाली मी माती धुतोय!"

नळदुर्गाजवळ बोरी नदीच्या पात्रात केर धुत बसलेल्या नूरुन्निसानं मान वर केली. खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात एक तरुण उभा होता... विजार दुमडलेली, चष्म्यावर शिंतोडे, हातात पितळी परात. परातीतली निम्मी माती केव्हाच नदीला मिळाली होती.

"धुताय का वाहवताय?" तिनं विचारलं.

तो हसला... आणि तिथंच सगळं बिघडलं.

तो मुनवर. लातूरचा, हैद्राबादेत भूगर्भशास्त्र शिकून सरकारी खात्यात नुकताच लागलेला. काठावर काळ्या खडकांच्या मधोमध तांबडा पट्टा होता. त्यात सोनं आहे का, हे बघायला त्याला धाडलं होतं. नूर ही बाबामियाँ झारेकऱ्यांची लेक. तुळजापूरच्या सराफांच्या भट्टीतली राख नि दुकानातला केर विकत घ्यायचा आणि धुऊन त्यातले सोन्याचे कण काढायचे, हा घरचा धंदा. परातीनं ते काम होत नाही. त्याला लाकडी पसरट थाळा लागतो. मुनवरनं बाबामियाँना गळ घातली, तांबडा दगड कुटून आणतो, तेवढा धुऊन द्या. ते काम लेकीकडं आलं.

मग काय... ताकाला जाऊन भांडं लपवायचं! निमित्त दगडाचं, येणं रोजचं.

"ह्यो दगड हाय तरी काय वो?"

"राख. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून उडाली, पाण्यात साठली, चिखलाचा दगड झाला."

"म्हंजी तुमी बी राखच धुताय. मग आमच्यात आन् तुमच्यात फरक काय?"

"तुमच्या राखेत सोनं असतं," तो म्हणाला, आणि थाळा सोडून तिच्याकडंच बघत राहिला. तिचे कान तापले.

तांबड्या मातीतून मात्र काही निघेना. एका दुपारी त्यानं थैली ठेवली. "ही शेवटची. यातही नाही निघालं तर साहेब मला दुसरीकडं पाठवणार... पार चांद्याकडं."

नूरला वाटलं, थांबा म्हणावं... पण कुठल्या नात्यानं?

झारेकऱ्यांची एक रीत आहे. थाळ्याच्या चिरांत सोनं अडकून राहतं. ते खरडून काढायचं, मगच दुसऱ्याची माती घ्यायची. त्या सकाळीच तिनं सराफाचा केर धुतला होता. नूरनं थाळा खरडलाच नाही.

तळाशी कण चमकले. मुनवरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नूर!" पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं, आणि तिला वाटलं, भरून पावले.

त्याचा मुक्काम वाढला खरा. पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती! बातमी ऐकून साहेबच आले, स्वतःचा थाळा घेऊन. त्याच पट्ट्यातली माती त्यांनी धुतली. सोन्याचा मागमूस नाही.

"मग ते सोनं आलं कुठून?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

बाबामियाँ पांढरेफटक पडले. झारेकऱ्यानं लबाडी केली, एवढी नुसती कुजबुज झाली तरी सराफ दारात उभं करत नाहीत. मुनवरनं नूरकडं पाहिलं. तिची नजर खाली गेली, आणि त्याला सगळं कळलं.

"चूक माझी, सर," तो म्हणाला. "यांचा थाळा मीच न खरडता वापरला."

त्याच दिवशी त्याची नोकरी गेली.

सोलापूरच्या गाडीची वाट बघत तो सडकेवर उभा होता. डोक्यावरचा पदर सावरत नूर आली.

"म्याच केलं. तुमी जाऊ नये म्हून..."

"ठाऊक आहे."

"मग माज्यापायी नोकरी कशाला घालवली?"

"तुझ्या अब्बांचा धंदा बुडाला असता." त्यानं हातातली पेटी खाली ठेवली. "नुसतं थांबा म्हणाली असतीस ना, तर थांबलो असतो. नोकरी सोडून थांबलो असतो, नूर."

"आता म्हंती की... थांबा."

गाडी आली. त्यानं पेटी उचलली.

"आता तू काहीही म्हणालीस तरी मी ते तपासत बसेन... जन्मभर. तसा संसार तुला नको, आणि मलाही नको."

तो चढला. गाडी धुरळा उडवत वळली. नूर सडकेवर उभीच राहिली. त्याला बोल लावावा म्हणून तिनं मनात पुष्कळ शोधलं, पण त्याचं एकही वाक्य तिला खोटं वाटेना, आणि त्याचंच तिला रडू येत राहिलं.