चढावर थांबलेली मोटार

घोडेगावात शिरेपर्यंत कुंडलिकचे बैल दमले होते, कुंडलिक बैलांहून दमला होता, आणि मागे घोंगडीवर आडवा झालेला सावळाराम तर जुन्नरहून निघतानाच दमलेला होता.

पुण्याच्या फौजदारी खात्यात चोर धरण्यात त्याची उभी हयात गेली होती. आता पेन्शन घेऊन जुन्नरात निवांत पडावं म्हणत होता, पण लोक पडू देत नव्हते. कुणाची नथ गेली, कुणाचा बैल गेला, की बोलवा सावळारामभाऊंना. आणि भाऊ निघाले की गाडी हाकायला त्यांचा साडू कुंडलिक. अवसरी बुद्रुकची शेती सोडून हा भला माणूस चार दिवस पाहुणचाराला यायचा आणि दर खेपेला असा जुंपला जायचा.

"या बारीला काय गेलंय म्हनं?" कुंडलिकनं विचारलं.

"काही गेलं नाही. फतेचंद शेटजींच्या दारातली मोटार बिघडलीय."

"मंग लोहार बोलवायचा. तुमाला कशापायी?"

"कुणीतरी मुद्दाम बिघडवली म्हणतात. दिवेलागणीला फौजदार येतोय, टांगेवाल्या गेणभाऊला बेड्या घालायला. शेटजींना तोवर खात्री करून हवीय. आता मला झोपू दे."

पण तोवर शेटजींचं दार आलंच होतं.

फतेचंदांचं घराणं जैन. आजोबा मारवाडातून येऊन इथं धान्याच्या पेढीवर बसले. नातवाचं मराठी आता अस्सल घोडेगावी होतं. अंगणात लिंबाखाली ती मोटार उभी होती. रागावलेल्या शेटजींनाही तिच्याबद्दल बोलताना राहवेना.

"पुण्याच्या सरदारांची मोटार पाहिलीत ना? हत्ती! आमच्या रस्त्याला ती मावायची नाही. आणि आमच्या पोपटलालची, दोन माणसांची, ती म्हणजे नुसता पाट. ही मधल्या अंगाची. वर पक्कं टप, बाजूला काचा. दार ओढलं की धूळ बाहेर न् माणसं आत. परवा पहिल्यांदा बसलो तेव्हा पगडीसुद्धा टपाला लागली नाही. मंचर, घोडेगाव, जुन्नर अशी फेरी सुरू करायचं मनात पक्कं केलं होतं."

"आणि काल?"

"काल सकाळी चार प्रतिष्ठित मंडळी बसवून निघालो. जुन्नरच्या चढाला लागलो न् लागलो तर पुढून फुसफुस. ड्रायव्हरनं पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं तसा वाफेचा फवारा आला आणि त्याचा हात भाजला. बघतो तर टाकी कोरडी, खालची तोटी अर्धी उघडी. शेवटी बैल लावून गाडी घरी आणली. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या आईला अजून धड सांगितलेलं नाही. मोटार बिघडली, एवढंच तिला ठाऊक. चातुर्मासात ती स्वतः वाहनात पाय घालत नाही. मी मोटार दारात आणली तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही."

सावळाराम मोटारीपुढं बसला. गुडघे कुरकुरले, तसा तोही कुरकुरला. त्यानं तोटीत करंगळी घालून फिरवली आणि बाहेर काढून बघितली. करंगळी स्वच्छ होती. तोटी त्यानं बंद करून पाहिली. शेवटचा वेढा चांगलाच कडक होता. मग बाजूला पडलेला पत्र्याचा डबा उचलला. डब्याच्या तळाला तांबडा गाळ वाळून बसला होता.

"हा डबा कुणाचा?"

"माझा," ओसरीवरून आवाज आला.

मोटार कंपनीचा ड्रायव्हर भागू तिथं भिंतीला टेकून बसला होता. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, चेहरा उतरलेला. वैद्यानं पाला बांधून जुन्नरच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. पण फौजदार येईपर्यंत कुणीही अंगण सोडायचं नाही, असा शेटजींचा हुकूम होता.

"पाणी कुठं भरलं होतंस?"

"परवा सांजच्याला, नदी उतरताना. टाकी तापली होती, म्हणून याच डब्यानं भरलं. पाणी लई गढूळ, पण इलाज नव्हता."

"काठोकाठ?"

"न्हाई, थोडं कमीच. पण काल सकाळी झाकण काढलं तर काठोकाठ व्हतं, अगदी आतली जाळी दिसत होती. म्हटलं, गाळ बसला असंल खाली."

"ही तोटी इथं आहे, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

भागू कसनुसा हसला. "समद्या गावाला. परवा जत्रा जमली होती. ही काय खाती, काय पिती. मीच दावलं, हितनं पाणी भरायचं, हितनं काढायचं, आत्ता नदीचं भरलंय, चालू झाली की आत खदखदा उकळतं. शेटजींच्या मातोश्रींनी तर दोनदा विचारलं. खरंच उकळतं का रे, म्हनल्या."

कुंडलिकला तहान लागली होती. विहिरीवर एक ठेंगणी, पांढऱ्या साडीतली म्हातारी पाणी शेंदत होती. शेटजींच्या मातोश्री झमकूबाई त्या ह्याच. त्यांनी हंड्याच्या तोंडावर दुहेरी कापड घातलं, पण वाकड्या झालेल्या बोटांना गाठ मारता येईना.

"भाऊ, एवढी गाठ मार. संधिवातानं जोरच राहिला नाही बघ."

कुंडलिकनं गाठ मारली. बाईंनी सावकाश पाणी गाळलं. आता तांब्या मिळेल म्हणून त्यानं हात पुढं केला, तर कुठलं काय! बाईंनी कापड सोडलं, उलटं केलं, वरून गाळलेलं पाणी ओतून ते एका लहान तांब्यात धुतलं, आणि तो तांब्या दोरीनं पार विहिरीच्या पाण्यापर्यंत सोडून अलगद उपडा केला.

"आता हे काय वो?"

"कापडावर जीव राहतात बाबा. डोळ्यांना दिसत नाहीत. जिथले तिथं नेऊन सोडावे लागतात. परक्या पाण्यात ते जगत नाहीत."

"आन् माणूस तहानेनं मेला तर?"

म्हातारी हसली आणि तिनं तांब्या भरून दिला. कुंडलिकनं परत येऊन ही सगळी तक्रार साडूला ऐकवली. सावळाराम डोळे मिटून ऐकत होता. मधेच त्यानं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

मंचरहून आलेले पोपटलाल, शेटजींचे चुलतभाऊ, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला फेऱ्या घालत होते. त्या दोन माणसांच्या मोटारीची दलाली त्यांच्याकडं.

"माझ्यावर संशय घ्यायलाच हवा," ते आपणहून म्हणाले. "ही पडली तर माझी खपते. पण मी काल सकाळी पोचलो तेव्हा ही मंडळी निघूनही गेली होती. अन् खरं सांगू? मी मागनं धावत जाऊन काचेतून डोकावणार होतो. आतली गादी काय मऊ आहे म्हणतात! आमच्या गाडीत माणसाची हाडं मोजून घेता येतात."

"शेटजींना हे सांगितलंत?"

"धंदा बुडवू का माझा?"

शेवटी गेणभाऊ. त्याला खांबापाशी बसवून दोन हमाल राखणीला ठेवले होते. मंचर ते जुन्नर रस्त्यावर त्याच्या बापाचा टांगा चालला आणि आता त्याचा चालत होता. मोटारीची फेरी सुरू झाली की तो बसणार, हे शेंबड्या पोराला कळत होतं.

"चढावर ही मोटार पोचायची न्हाई, असं तू भर बाजारात म्हणालास?"

"म्हनलो. पोटावर पाय आल्यावर मानूस ओव्या म्हनंल व्हय?"

"परवा रात्री कुठं होतास?"

"हितंच. घोडं त्या कडंला बांधलेलं, म्या टांग्यात निजलेला. रोजच निजतो."

"पहाटे काय बघितलंस?"

"मोटारीखाली जागा वली व्हती. ह्यो भागू उठला आन् माझ्या घोड्याला शिव्या द्यायला लागला. घोडं बांधलेलं तिकडं, आन् मुतंल हिकडं? काय बी!"

"आणि कुणी माणूस?"

"न्हाई. थोरल्या बाई तेवढ्या नदीवरनं येत व्हत्या, हातात तांब्या घिऊन. म्या रामराम घातला." गेणभाऊ पुढं सरकला. "भाऊ, म्या तोटीला हात लावला न्हाई. पर फौजदाराला कोन सांगनार? बेडी एकदा पडली की सुटून आलो तरी माझ्या टांग्यात बाया-मानसं बसायची न्हाईत."

हे मात्र खरं होतं. सावळारामनं आपल्या नोकरीत अशा सुटलेल्या माणसांची दारं पाहिली होती. त्यांच्या दारी पुढं कुणी येत नाही.

बाजूला आल्यावर कुंडलिक म्हणाला, "राव, गेणभाऊच हाय. निजला हितं, राग त्यालाच, तोटी ठावी. चला घरी."

"कुंडलिका, तुला एखाद्याचं वाटोळं करायचंय. तू त्याच्या टाकीतलं पाणी काढलंस. मग ती पुन्हा काठोकाठ भरून ठेवशील?"

कुंडलिक बैलांना वैरण टाकायला गेला.

उन्हं उतरली. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून आत पानं मांडली जात होती. सावळारामनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. "आईसाहेबांनाही बोलवा," म्हणाला. शेटजींच्या कपाळाला आठी पडली, पण झमकूबाई येऊन उंबऱ्याशी बसल्या.

सावळारामला बोलायचा खरंच कंटाळा आला होता. चोर सापडला की पूर्वी त्याला बरं वाटायचं. आज चोर नव्हताच.

"परवा सांजेला टाकीत गढूळ पाणी होतं आणि थोडं कमी होतं," त्यानं सुरुवात केली. "काल सकाळी ते नितळ होतं आणि काठोकाठ होतं. भागू म्हणतो गाळ खाली बसला. गाळ बसतो हे खरं. या डब्यात बसलाय बघा. मग टाकीच्या तोटीत का नाही? माझी करंगळी कोरी निघाली. आणि गाळ बसला तर बसला, पाणी वाढेल कसं? म्हणजे रात्रीतून कुणीतरी जुनं पाणी पार काढलं आणि स्वच्छ पाणी भरलं. जागा ओली झाली ती त्यामुळं. गेणभाऊच्या घोड्याची माफी मागा आधी."

त्यानं खांबाशी बसलेल्या गेणभाऊकडं बोट केलं.

"गेणभाऊला मोटार अडवायची असती तर त्यानं पाणी काढलं असतं, भरलं नसतं. पोपटलाल तेव्हा गावातच नव्हते. भागूला पाणी बदलायचं असतं तर राजरोस बदललं असतं, अन् स्वतःचा हात भाजून घेतला नसता. ज्यानं हे केलं त्याला मोटारीचं वाईट करायचंच नव्हतं. त्याला पाण्याचं भलं करायचं होतं."

"पाण्याचं भलं?" शेटजी म्हणाले.

"हे पाणी न गाळता भरलेलं होतं शेटजी, आणि सकाळी ते आत उकळणार होतं. आपल्या घरात ज्यांना हे सोसणार नाही असं कोण आहे? त्यांनी ते पाणी काढून घेतलं, गाळलं, कमी पडलं तेवढं विहिरीचं गाळलेलं घालून पुन्हा भरलं. आता कापडावर राहिलेल्या जिवांचं काय? अंगणात विहीर आहे. पण जीव होते नदीचे. जिथले तिथं सोडायला हवेत. म्हणून तांब्या घेऊन पहाटे नदीवर." तो थांबला. "तोटी त्यांनी लावली होती. पण बोटांत गाठ मारण्याइतकाही जोर नाही. ती पुरती बसली नाही. रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होत गेली."

फतेचंद आईकडं बघायचं धाडस करत नव्हते.

"हो," झमकूबाई म्हणाल्या. "मीच. केलेलं पुण्य बोलून दाखवू नये म्हणून गप्प होते. तोटी लागली असंच वाटलं मला." त्यांची नजर खांबाकडं गेली. "ह्याला का बसवलाय तिथं?"

"आई, फौजदार ह्याला धरायला येतोय," शेटजी कसंबसं म्हणाले.

"माझ्यापायी?"

मग त्यांना भागूचा हात दिसला. त्या उठल्या, भिंत धरत त्याच्यापाशी गेल्या आणि चिंध्यांची कडा उचलून बघितली. भागूनं दात आवळले. "उकळतं का, एवढंच मी तुला विचारलं रे," त्या म्हणाल्या. "उकळलं तर कुणाला भाजेल, ते विचारायचं सुचलं नाही." आणि म्हातारी उघड्या अंगणात, सगळ्यांसमोर रडली.

डोळे पुसून त्या गेणभाऊपुढं येऊन उभ्या राहिल्या. संवत्सरी होऊन पंधरवडा लोटला होता. त्या दिवशी रिवाजाप्रमाणं सगळ्या बाजाराची त्यांनी क्षमा मागितली होती, त्यात गेणभाऊही होता. आज त्यांनी पुन्हा हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडं, गेणभाऊ."

गेणभाऊ धडपडत उठला. "बाई, नगा. दरसाल म्हनताच की."

"दरसाल नुसतं म्हणत होते."

शेटजींनी हमालांना हातानंच जायची खूण केली. "फौजदाराला मी सांगतो. चूक आमच्या घरची," म्हणाले. मग घाईनं भर घातली, "मोटार दुरुस्त झाली की भागूला लगेच दवाखान्यात..."

"मोटारीची वाट बघायची नाही," झमकूबाई म्हणाल्या. "गेणभाऊ, टांगा जोड. जुन्नरला."

"आई, पानं वाढलीत. सूर्य बुडतोय."

"बुडू दे."

भागूला वर बसवलं. गेणभाऊ लगाम हातात घेऊन खाली वाट बघत राहिला, कारण म्हातारी टांग्याच्या पायरीपाशी उभी होती. चातुर्मास संपायला अजून पुष्कळ दिवस होते. उभ्या जन्मात तिनं हा नेम मोडला नव्हता, हे गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तिनं वाकडी बोटं दांडीवर ठेवली. बोटांना दांडी धरवेना.

कुंडलिक पुढं झाला. त्यानं आपला हात दिला, आणि झमकूबाई पायरीवर पाय ठेवून टांग्यात भागूशेजारी जाऊन बसल्या.

टांगा चढाकडं लागला. कुंडलिक बराच वेळ तिकडं बघत होता. मग त्याला स्वतःच्या बैलांची आठवण झाली.

"सावळारामभाऊ, चला. आपल्याला बी त्याच वाटंनं जायचंय."

सावळाराम कधीच घोंगडीवर आडवा झाला होता, पण झोपलेला नव्हता.

"सावकाश हाक," तो म्हणाला. "त्यांच्या मागनंच राहू."