न छापलेलं तिकीट

"यातला एक माणूस कोणीतरी पुसून टाकलाय."

श्रीपादकाकांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण धक्क्यावरच्या त्या खोलीत संगणक एकच होता, आणि तो चालवणारी भार्गवीही एकच.

तासाभरापूर्वी, दिवेलागणीला, पैलतीराला जाणारी शेवटची होडी खाडीच्या मध्यावर उलटली होती. समुद्राकडून वाऱ्याचा एकच झोत आला, बस्स. दोन्ही काठांवरून माणसं धावली. अकरा उतारू बाहेर निघाले. एक बाई बेशुद्ध होती, तिला जीपमधून बांद्याच्या दवाखान्यात नेलं. होडीवाला रविकांत स्वतः पोहत आला आणि पायरीवर बसून थरथरत सदरा पिळू लागला. सगळे वाचले म्हणून कुणीतरी खाडीत नारळही सोडला होता. तेवढ्यात होडीसंघाचे अध्यक्ष, निवृत्त मास्तर श्रीपादकाकांनी उतारूंच्या नोंदींचा छापील कागद दिव्याखाली धरला.

"अकरा माणसं, अकरा नोंदी. पण उर्वशी नावाच्या बाईच्या आधीचा क्रमांक नाही. तो कुठे गेला?"

दोन वर्षांपूर्वी पदवी घेऊन गावी परतलेल्या भार्गवीनेच हा संगणक आणायला लावला होता. संघाच्या सभेत ती तडकून बोलली होती, "गोठ्यातल्या गुरांची नोंद होते आणि खाडीत उतरणाऱ्या माणसाची होत नाही. बुडाला तर शोधायचं कुणाला?" आज तोच प्रश्न तिच्यासमोर उभा होता.

उत्तर तिला माहीत होतं. "काका, क्रमांक आधी घेतला जातो, नोंद मागाहून. तिकीट छापून झालं नाही, तर नोंद रद्द होते. क्रमांक मात्र परत येत नाही. मासा मिळो न मिळो, पाण्यात टाकलेलं जाळं भिजतंच, तसं आहे हे. अशा फटी नेहमीच पडतात. कुणी काही पुसलेलं नाही."

"म्हणजे पाण्यात कोणी नाही?"

बाहेर उतारूंना काढायला गेलेल्या दोन होड्या परत येत होत्या. ओहोटी लागली होती. आता जे काही खाडीत होतं ते समुद्राकडे ओढलं जाणार होतं. माणसं दमली होती. भार्गवीच्या एका 'नाही'वर सगळी घरी गेली असती.

तिने तोंड उघडलं आणि तिला तो हात आठवला.

तिकिटाची खिडकी बुटकी. त्यातून चेहरे दिसत नाहीत, नुसते हात दिसतात. संध्याकाळी एक हात आत आला होता. मनगटावर काळ्या घोंगडीची किनार, आणि ओल्या लोकरीचा, खाजणातल्या चिखलाचा वास. "एक," एवढंच तो बोलला. तिने कळ दाबली, दिवा मंदावला, छपाईयंत्र अडलं. कागद सारखा करून तिने वर पाहिलं तर खिडकी मोकळी. मग उर्वशीचा बांगड्यांचा हात आला आणि ती पुढच्या कामाला लागली.

"घोंगडीवालो खंय?" दाराशी ओलेत्याने बसलेली कोळीण सुशीला पुटपुटली. "माझ्या मागसून बसलेलो... पाण्यात माका खांद्याक धरून वर ढकलल्यान तो. तेका काढलास काय रे?"

रविकांतने मान हलवली. "मागच्या फळीर कोण नाय होतो गो."

भार्गवी उठली. "शोधायला हवं."

"तुझा संगणक म्हणतो कोणी नाही, आणि तू म्हणतेस शोधा?"

"संगणक म्हणतो नोंद नाही. माणूस नाही असं तो म्हणत नाही, काका. चला ना, ओहोटी थांबायची नाही."

ती स्वतः रविकांतच्या होडीत बसली. बॅटरीचा उजेड पाण्यावर पडायचा आणि विझल्यासारखा व्हायचा. वल्ह्याच्या आवाजामागे दुसऱ्या वल्ह्याचा आवाज येतोय असं तिला वाटत होतं. रविकांत थांबला की तो आवाज एक क्षण उशिरा थांबायचा... आणि मग तोच वास आला. ओली लोकर, चिखल.

"हयसर वळव," ती हळूच म्हणाली.

काठावरच्या कांदळाच्या झाडाच्या मुळांवर, भरतीच्या रेषेच्या वर, घोंगडीत गुंडाळलेलं दीड-दोन वर्षांचं पोर बसलं होतं. रडत नव्हतं. भार्गवीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस कोरडे होते.

रविकांतने पोराला उचललं, तर घोंगडी येईना. तिचं दुसरं टोक झाडीतल्या काळोखात ताणलेलं होतं. कुणीतरी धरून ठेवावं तसं... भार्गवीने हात जोडले. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं. "घेतलं आम्ही पोर," ती म्हणाली. "सांभाळून घेतलं. आता सोडा."

घोंगडी सैल पडली.

पोर उर्वशीचं, जीपमधून नेलेल्या त्या बेशुद्ध बाईचं होतं. ती पैलतीराची, इकडे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. अंगावरच्या पोराला तिकीट नसतं, आणि पदराखाली निजलेलं ते ना खिडकीतून दिसलं होतं, ना होडीत कुणाच्या लक्षात आलं होतं. पोरालाही तपासायला बांद्याला नेलं होतं; रात्री शुद्धीवर येताच तिने त्याचं नाव घेतलं, तेव्हा ते तिच्या उशाशीच निजलं होतं.

भार्गवीने दुसऱ्या दिवसापासून तान्ह्या पोरांचीही नोंद सुरू केली. घोंगडी धुऊन तिकीटखोलीतल्या खुंटीला टांगली. "ती फट बुजवून टाक बाई, पडलेल्या दातासारखी दिसते," श्रीपादकाका म्हणाले, तेव्हा तिने साफ नकार दिला. सकाळी संगणक सुरू करताना ती त्या रिकाम्या जागेपाशी क्षणभर थांबायची. देवळात थांबावं तसं. आभार मानायला तिला दुसरी जागा माहीत नव्हती.

महिन्याभराने, एका संध्याकाळी, तिने सुशीलाचं तिकीट काढलं आणि तिचा हात थबकला. मधला एक क्रमांक पुन्हा गेला होता. दिवा मंदावला नव्हता, यंत्र अडलं नव्हतं, त्या क्रमांकासाठी तिने कळही दाबली नव्हती.

तिने सावकाश मागे वळून पाहिलं. खुंटी मोकळी होती. खाली फरशीवर खाऱ्या पाण्याचं थारोळं होतं, आणि दाराला आतून कडी होती.

"सुशीलामावशी..." तिने मोकळ्या खुंटीकडे बोट दाखवलं. "घोंगडी..."

सुशीलाने खिडकीशी वाकून आत पाहिलं, मग डोक्यावरची पाटी सावरली.

"बरा झाला न्हेल्यान ती," ती म्हणाली. "थंडी पडाक लागली, बाय."